जॉर्जियातल्या ह्युंदाई-एलजी कारखान्यावरचा छापा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेमकं घडलं काय?

४ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, सव्हाना शहराजवळच्या एलाबेल इथे, बेकायदा काम करणाऱ्या परदेशी लोकांना शोधण्यासाठी केंद्रीय यंत्रणांनी छापा घातला. जागा होती ह्युंदाईच्या वाहन प्रकल्पाच्या आवारात उभा राहत असलेला बॅटरी कारखाना. ह्युंदाई आणि एलजी एनर्जी सोल्यूशन या दोन कोरियन कंपन्यांची त्यात निम्मी-निम्मी भागीदारी आहे. २०२३ मध्ये जाहीर झालेली गुंतवणूक ४.३ अब्ज डॉलरची आणि क्षमता वर्षाला साधारण तीन लाख विजेच्या गाड्यांना पुरतील इतक्या बॅटऱ्यांची.

त्या दिवशी ४७५ जणांना ताब्यात घेतलं. त्यांत तीनशेहून जास्त दक्षिण कोरियाचे नागरिक होते. होमलँड सिक्युरिटी इन्व्हेस्टिगेशन्स या यंत्रणेने दुसऱ्या दिवशी सांगितलं की, एकाच ठिकाणी केलेली त्यांच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी कारवाई आहे. काही जण पळून आवारातल्या सांडपाण्याच्या तळ्यात उतरले होते, त्यांना काढायला बोट वापरावी लागली. यंत्रणेनेच प्रसिद्ध केलेल्या चित्रफितीत माणसं बसला हात टेकवून रांगेत उभी दिसतात, मग त्यांच्या मनगटांना, कमरेला आणि घोट्यांना साखळ्या लागतात. कोरियाची राजधानी सोलमध्ये संताप उसळला तो मुख्यतः या चित्रफितीमुळे. व्हिसाचा वाद कागदावर मिटवता आला असता. साखळ्या मात्र सगळ्या देशाने पाहिल्या.

पकडलेले लोक ह्युंदाईचे कर्मचारी होते का?

नाही. आपल्या थेट नोकरीतलं कोणी त्यांत नाही, असं ह्युंदाईने लगेच जाहीर केलं. एलजीचे स्वतःचे ४७ जण होते. बाकीचे कोरियन यंत्रं पुरवणाऱ्या आणि बसवणाऱ्या कंपन्यांचे, म्हणजे पोटकंत्राटदारांचे.

बातम्यांतून एक गोष्ट पार निसटली. ४७५ मधून कोरियन वजा केले तरी दीडशेच्या वर माणसं उरतात. त्यांत लॅटिन अमेरिकेतून आलेले बांधकाम मजूर मोठ्या संख्येने होते. न्यायालयाच्या वॉरंटमध्ये शोधायच्या व्यक्ती म्हणून चारच नावं होती, आणि ती कोरियन नव्हती. कोरियनांसाठी परराष्ट्रमंत्री विमानाने धावून आले. या मजुरांसाठी कोणी आलं नाही, आणि त्यांचं पुढे काय झालं हे विचारणारेही थोडेच.

कोरियन लोकांकडे व्हिसा नव्हता का?

बहुतेकांकडे काही ना काही कागद होता. प्रश्न होता तो कोणत्या कामाला चालतो याचा.

अधिकाऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे तीन प्रकारचे लोक सापडले: बेकायदा सीमा ओलांडून आलेले, व्हिसा-माफीवर आलेले पण काम करायला मनाई असलेले, आणि मुदत संपूनही राहिलेले. कोरियन तंत्रज्ञ प्रामुख्याने ईस्टा किंवा बी-१ वर आले होते. ईस्टा म्हणजे व्हिसा-माफीच्या देशांतल्या लोकांना मिळणारी ९० दिवसांची ऑनलाइन परवानगी, तर बी-१ हा व्यवसाय-भेटीचा व्हिसा. छाप्यानंतर ब्रिटिश वृत्तपत्र गार्डियनच्या हाती लागलेल्या एका सरकारी नोंदीत तर एका कामगाराने व्हिसाच्या अटींचा भंग केलेला नाही, असं यंत्रणेच्याच माणसाने लिहिलं होतं. तरी त्यालाही 'स्वेच्छेने' निघून जाण्याच्या यादीत घातलं.

ईस्टाची एक मेख फार थोड्यांना ठाऊक असते. त्यावर प्रवेश घेताना, आश्रयाचा अर्ज सोडला तर, देशाबाहेर काढण्याविरुद्ध न्यायाधीशासमोर दाद मागण्याचा हक्क तुम्ही आधीच सोडून दिलेला असतो. त्यामुळे ईस्टावर आलेला माणूस पकडला गेला की वकील असो नसो, त्याच्या हातात फारसं काही राहत नाही.

बी-१ वर काम करता येतं की नाही? सरळ उत्तर द्या.

सरळ उत्तर नाही, हीच तर अडचण आहे.

अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या नियमपुस्तिकेत बी-१ साठी एक खास सवलत लिहिलेली आहे. परदेशी कंपनीकडून विकत घेतलेली यंत्रं बसवायला, दुरुस्त करायला किंवा अमेरिकी कामगारांना ती शिकवायला तज्ज्ञ बी-१ वर येऊ शकतो. अटी अशा: विक्रीच्या करारातच ही सेवा लिहिलेली हवी, माणसाकडे त्या यंत्राचं खास ज्ञान हवं आणि पगार अमेरिकेतून मिळता कामा नये. त्यानंतर येते ती रेष: बांधकामाचं काम स्वतःच्या हाताने करायचं नाही, देखरेख किंवा प्रशिक्षण चालेल.

आता हे प्रत्यक्ष जागेवर बघा. तंत्रज्ञ कोरियाहून आलेलं कोटिंग मशीन चबुतऱ्यावर समतल करतोय. हे बसवणं झालं. मशीनच्या तळाशी आधाराची चौकट कमी पडते म्हणून त्याने चार बोल्ट ठोकले. हे बसवणं की बांधकाम? वरून जाणारी वायरिंग त्याने जोडली तर? पोटकंत्राटदाराचा पोटकंत्राटदार असलेल्या कंपनीच्या माणसाचं नाव विक्रीच्या करारात आहे का? गणवेश घालून आलेला अधिकारी जागेवर उभ्या-उभ्या याचा निवाडा करू शकत नाही, आणि त्या दिवशी तो केलाही गेला नाही. सगळे बसमध्ये चढवले गेले.

अमेरिकी कामगारच का घेतले नाहीत?

हा प्रश्न रास्त आहे, पण त्यात दोन वेगळी कामं एकत्र झाली आहेत. कारखाना उभा करणं हे एक आणि कारखाना चालवणं हे दुसरं. दुसऱ्या कामासाठी स्थानिक लोकच घ्यायचे होते, जॉर्जिया सरकारने सवलती दिल्या त्या याच नोकऱ्यांसाठी.

पहिल्या कामाची गोष्ट निराळी. बॅटरीच्या कारखान्यात तांब्याच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर रसायनाचा लेप चढवतात. त्याची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात, आणि लेप इकडचा तिकडे झाला की सेल भंगारात जातो. पुढचे काही टप्पे जवळजवळ शून्य आर्द्रतेच्या खोल्यांत चालतात. अशी यंत्रं कोरियातल्या ठरावीक पुरवठादारांनी बनवलेली असतात आणि ती वळणावर आणणारे हातही त्यांच्याकडेच असतात. नवीन कारखान्यात सुरुवातीला माल वाया जाण्याचं प्रमाण भयंकर असतं. ते खाली आणेपर्यंत हे लोक लागतात, काही आठवडे किंवा काही महिने. मग ते पुढच्या कारखान्यावर जातात. कोरियाचे राष्ट्राध्यक्ष ली जे-म्युंग यांनी पत्रकार परिषदेत हेच सांगितलं: यंत्रं बसवायला तंत्रज्ञ लागतात, ते अमेरिकेत नाहीत आणि आमच्या लोकांना व्हिसाही मिळत नाही.

तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीला अ‍ॅरिझोनात हाच अनुभव आला. २०२३ मध्ये कुशल कामगारांच्या तुटवड्याचं कारण देऊन त्यांनी उत्पादन २०२४ वरून २०२५ वर ढकललं आणि तैवानहून अनुभवी तंत्रज्ञ आणायचं ठरवलं. तिथल्या बांधकाम संघटनांनी त्यांच्या व्हिसांनाच विरोध केला. संघटनांचं म्हणणं निव्वळ आडमुठेपणाचं नव्हतं. यंत्र बसवण्याच्या नावाखाली साधं पाइपफिटिंगही परदेशी माणसांकडून करून घेतलं जातं, ही त्यांची तक्रार होती. जॉर्जियातल्या संघटनांचीही तीच होती.

मग कंपन्या योग्य व्हिसा का काढत नाहीत?

एच-१बी वर्षाला ८५,००० मिळतात, तेही सोडतीने. मार्चमध्ये नाव टाकायचं, लागलं तर ऑक्टोबरमध्ये काम सुरू. यंत्राची पेटी बंदरावर उतरली आणि माणूस सोडतीची वाट बघत बसला, असं चालत नाही. छाप्यानंतर दोनच आठवड्यांनी ट्रम्प सरकारने नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क लावलं, तेव्हा तो रस्ता तर मिटल्यातच जमा. एल-१ हा कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा. माणूस त्या कंपनीत किमान वर्षभर असावा लागतो आणि कंपनीचं अमेरिकेत कार्यालय असावं लागतं. एलजीला ते जमतं. तीस माणसांच्या पोटकंत्राटदाराला कुठून जमणार?

अमेरिकेशी मुक्त व्यापार करार असलेल्या काही देशांना वेगळा वाटा मिळाला आहे: ऑस्ट्रेलियाला वर्षाला १०,५००, सिंगापूरला ५,४००, चिलीला १,४००. कोरियाचा करार २०१२ पासून लागू आहे, पण व्हिसांचा वाटा शून्य. १५,००० व्हिसांचं एक विधेयक अमेरिकी काँग्रेसमध्ये २०१३ पासून पुन्हा पुन्हा मांडलं गेलंय आणि दर वेळी बासनात गेलंय.

हे सगळं खरं असलं तरी कोरियन कंपन्यांना इथे सोडून देणं मला पटत नाही. ईस्टावर माणसं पाठवायची ही पळवाट जुनी होती. २०२० मध्ये याच जॉर्जियात, कॉमर्स गावातल्या एसके या कोरियन कंपनीच्या बॅटरी कारखान्यावर कामाला निघालेल्या कोरियनांना अटलांटा विमानतळावरूनच परत पाठवलं होतं. म्हणजे धोका काय आहे ते पाच वर्षं माहीत होतं. मुदती गाठायच्या होत्या, म्हणून तो धोका पोटकंत्राटदारांवर आणि त्यांनी तो कामगारांवर ढकलला.

कोरियन लोक परत कसे गेले?

त्यांना जॉर्जियातल्याच फोकस्टनच्या स्थानबद्धता केंद्रात ठेवलं होतं. कोरियाचे परराष्ट्रमंत्री चो ह्युन वॉशिंग्टनला गेले, अमेरिकी परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओंना भेटले. कोरियाच्या दोन मागण्या होत्या: विमानतळापर्यंत बेड्या नकोत आणि पुढच्या प्रवेशावर डाग नको. दोन्ही मान्य झाल्या. विमान एक दिवस अडलं, कारण हे लोक थांबून अमेरिकी कामगारांना शिकवतील का, अशी विचारणा खुद्द ट्रम्प यांच्याकडून आली. एकाने थांबायचं ठरवलं. ११ सप्टेंबरला अटलांटाहून निघालेल्या कोरियन एअरच्या खास विमानात ३१६ कोरियन आणि १४ इतर देशांचे नागरिक होते.

आर्थिक फटका किती बसला?

एकच आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. नुकसान बऱ्याच ठिकाणी विखुरलं आहे.

थेट परिणाम म्हणजे उशीर. ह्युंदाईचे मुख्याधिकारी होसे मुन्योस यांनी किमान दोन ते तीन महिन्यांचा अंदाज दिला. अब्जावधी डॉलर गुंतलेले असताना महिनाभर काम ठप्प राहिलं तरी कर्जावरचं व्याज थांबत नाही, भाड्याच्या क्रेन उभ्या राहतात आणि बॅटऱ्या दुसऱ्या कारखान्यांतून आणाव्या लागतात. त्या तंत्रज्ञांना परत बोलावणं हाही खर्चच होता. ज्याला साखळ्या घालून नेलं होतं, त्याला त्याच जागी पुन्हा जा म्हणणं सोपं नाही. एलजीने तर कर्मचाऱ्यांचे अमेरिका दौरे काही काळ थांबवलेच.

दुसरा परिणाम राज्याच्या तिजोरीवर. जॉर्जियाने आणि स्थानिक प्रशासनांनी या सगळ्या प्रकल्पासाठी सुमारे २.१ अब्ज डॉलरच्या करसवलती आणि सोयी देऊ केल्या आहेत. बदल्यात ७.६ अब्ज डॉलरची गुंतवणूक आणि ८,५०० नोकऱ्यांचं वचन आहे. बॅटरी कारखाना लांबला की त्यातल्या स्थानिक नोकऱ्याही लांबतात. आधी येणाऱ्या तंत्रज्ञाला उचललं की त्याच्या मागून येणारा, जॉर्जियातच जन्मलेला ऑपरेटर घरी बसतो. हा साधा क्रम छापा घालणाऱ्यांनी लक्षात घेतला नाही.

पण सगळं खापर छाप्यावर फोडू नका. विजेच्या गाड्यांवरची ७,५०० डॉलरची केंद्रीय करसवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली, आणि अमेरिकेतली मागणी तशीही डळमळीत झाली होती. बॅटरी कारखाने लांबवायला कंपन्यांकडे स्वतःची कारणंही होती. काहींना हा उशीर फारसा जड गेला नसेल, असा माझा अंदाज आहे.

अशा कारवाईने अमेरिकी लोकांना नोकऱ्या मिळतात ना?

काही जागा मोकळ्या होतात, हे खरं. पण एकूण हिशेब बहुधा तसा लागत नाही.

अर्थतज्ज्ञ क्लोई ईस्ट आणि सहकाऱ्यांनी 'सिक्युअर कम्युनिटीज' या हद्दपारीच्या मोहिमेचा अभ्यास केला. मोहीम जिथे लागू झाली तिथे कागदपत्रं नसलेल्यांचा रोजगार घटला, आणि अमेरिकेत जन्मलेल्यांचाही घटला. कारण सोपं आहे: खालची फळी गेली की तिच्यावर देखरेख करणारे, हिशेब ठेवणारे, माल पोचवणारे यांचीही गरज कमी होते.

आयोवातल्या पोस्टव्हिलचं उदाहरण पाहा. १२ मे २००८ ला तिथल्या अ‍ॅग्रिप्रोसेसर्स या मांस कारखान्यावर छापा पडला, ३८९ जण पकडले गेले. गाव जेमतेम सव्वादोन हजार वस्तीचं. घरं रिकामी झाली, शाळेतली मुलं गायब झाली, दुकानांची गिऱ्हाइकं गेली. नोव्हेंबर येईतो कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. मालक परदेशी नव्हते, पण एका कारखान्यावर उभ्या असलेल्या गावाचं काय होतं ते इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही. एलाबेलचं तसं झालेलं नाही. तिथला वाहन कारखाना चालूच राहिला.

परदेशी कंपन्यांच्या बाबतीत आधी असं कधी झालं होतं का?

या प्रमाणावर नाही. पण अलाबामातला २०११ चा किस्सा सांगण्यासारखा आहे. त्या राज्याने स्थलांतरितांविरुद्ध एचबी ५६ नावाचा अतिशय कडक कायदा केला होता. नोव्हेंबरमध्ये टस्कलूसा इथे पोलिसांनी भाड्याची गाडी चालवणाऱ्या एका माणसाला थांबवलं. त्याच्याकडे फक्त जर्मन ओळखपत्र होतं, म्हणून अटक केली. तो निघाला मर्सिडीज-बेंझचा अधिकारी, आणि मर्सिडीजचा कारखाना म्हणजे अलाबामाच्या औद्योगिक प्रगतीचं प्रतीक. सहकाऱ्याने पासपोर्ट आणि परवाना आणून दाखवला तेव्हा सुटका झाली. काही दिवसांनी होंडाच्या एका जपानी कर्मचाऱ्यावरही कारवाई झाली. मर्सिडीजच्या प्रकरणानंतर लगेच मिझुरी राज्यातल्या एका वृत्तपत्राने मर्सिडीजला खुलं आमंत्रण देऊन टाकलं: आमच्याकडे या. राज्यांची आपसातली स्पर्धा किती तत्पर असते ते यातून कळतं.

कंपनीवर काय कारवाई होते?

१९८६ पासून अमेरिकेत प्रत्येक मालकाने कामगाराचे कागद तपासून आय-९ अर्ज भरायचा असतो. पण शिक्षेसाठी मालकाने 'जाणूनबुजून' अनधिकृत माणूस ठेवला हे सिद्ध व्हावं लागतं. मधे तीन-चार पोटकंत्राटदार असले की वरच्या कंपनीला काय ठाऊक होतं, हे सिद्ध करणं महाकठीण. एलाबेलच्या छाप्यानंतर अधिकाऱ्यांनी पत्रकार परिषद घेतली तेव्हा कोणावरही फौजदारी आरोप ठेवलेले नव्हते. माणसं मात्र तोवर कोठडीत होती.

ट्रम्प यांची भूमिका काय होती?

दोन्हीकडून. आधी यंत्रणेने आपलं काम केलं असं म्हणाले. मग परदेशी कंपन्यांनी हुशार माणसं कायदेशीर मार्गाने आणावीत असं लिहिलं. १४ सप्टेंबरच्या सुमारास, गुंतवणूकदारांना घाबरवून लावायचं नाही, असाही खुलासा केला. नोव्हेंबरमध्ये एका मुलाखतीत तर बॅटरी बनवणं अवघड असतं, बेकारांच्या रांगेतून माणूस उचलून ते काम जमत नाही, अशा अर्थाचं बोलले. कोरियन सरकार नेमकं हेच सप्टेंबरपासून सांगत होतं.

कोरियाने गुंतवणूक थांबवली का?

नाही, आणि ती थांबवणं त्यांच्या हातातही फारसं नव्हतं. जुलै २०२५ मध्ये कोरियाने ३५० अब्ज डॉलरचं आश्वासन दिलं होतं, त्या बदल्यात आयातशुल्क २५ वरून १५ टक्के व्हायचं होतं. छापा पडला तेव्हा तपशील ठरायचे होते आणि कोरियन गाड्यांवर २५ टक्केच आकारणी चालू होती, जपानच्या गाड्या मात्र १६ सप्टेंबरपासून १५ टक्क्यांवर आल्या. अशा वेळी सोलला टेबल सोडून उठणं परवडणारं नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये संयुक्त पत्रक निघालं: २०० अब्ज डॉलर रोख, पण वर्षाला २० अब्जांच्या मर्यादेत, आणि १५० अब्ज जहाजबांधणीसाठी. वार्षिक मर्यादेचा आग्रह कोरियाचा होता, आणि त्यामागे चलनबाजाराची काळजी होती. छाप्यामुळे कोरियाची बाजू किती बळकट झाली हे मोजता येत नाही. घरच्या जनतेचा राग दाखवायला मात्र तो कामी आला.

व्हिसाचे नियम बदलले का?

कायदा तोच आहे. दोन्ही देशांनी एक कार्यगट नेमला. कोरियन कंपन्या अमेरिकेत करत असलेल्या गुंतवणुकीसाठी यंत्रं बसवणं, देखभाल आणि दुरुस्ती ही कामं बी-१ वर चालतात आणि तीच ईस्टावरही चालतात, असं त्याने सप्टेंबरअखेर स्पष्ट केलं. सोलच्या अमेरिकी वकिलातीत कोरियन गुंतवणूकदारांसाठी वेगळा कक्षही नेमला. थोडक्यात, नियमपुस्तिकेत जे आधीपासून होतं तेच मोठ्याने सांगितलं. वेगळ्या वाट्याचं विधेयक अजून बासनातच आहे.

भारतातून बी-१ वर जाणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावं?

भारत व्हिसा-माफीच्या यादीत नाही, त्यामुळे ईस्टाचा प्रश्न आपल्याला येत नाही. बी-१ चा येतो. २०१३ मध्ये इन्फोसिसने अमेरिकी सरकारशी ३.४ कोटी डॉलरची तडजोड केली, ती बी-१ च्या वापरावरच्या आरोपांमुळेच. कंपनीने व्हिसा-गैरवापराचे आरोप फेटाळले होते, पैसे मात्र भरले.

यंत्र बसवायला जात असाल तर विक्रीच्या कराराची प्रत जवळ ठेवा आणि त्यात बसवणीची सेवा स्पष्ट लिहिली आहे का ते निघण्याआधी बघा. तुमच्या कंपनीचं नाव करारात नसेल तर ते कुठल्या कागदाने जोडलं आहे, हे विचारा. पगार भारतातूनच मिळतोय याचा पुरावा ठेवा. जागेवरचा मुकादम 'जरा हे पण करून टाका' म्हणाला आणि ते काम बांधकामाचं असेल, तर नाही म्हणा आणि तसं ईमेलने कळवून ठेवा. आणि विमानतळावरच्या अधिकाऱ्याने कशाला आलात असं विचारलं, तर 'मीटिंगला' असं पढवलेलं उत्तर देऊ नका. पुढे चौकशी झालीच तर तेच उत्तर तुमच्याविरुद्ध वापरलं जातं.